मिशी की नथ

अकोल्याच्या जुन्या शहरात, नदीच्या अंगाला, आमच्या घरामागं एक दैवत होतं. दैवत म्हणतो, कारण तो देव होता की ती देवी, हे कुणालाच माहीत नव्हतं आणि मराठीतलं नपुंसकलिंग अशा वेळी फार उपयोगी पडतं. शेंदराचा एक उभा गोळा, माणसाच्या कमरेइतका. डोळे म्हणून चांदीच्या दोन टिकल्या. नवस बोलणारे बोलत, नारळ फोडणारे फोडत आणि "दैवत जागृत आहे" म्हणून घरी जात. त्याला तो म्हणावं की ती, हा प्रश्न कुणाला पडत नसे. माझी आत्या त्याला "ते" म्हणायची, आपण तान्ह्या पोराला म्हणतो तसं. "त्याले आज ऊन लय लागलं." "ते आज रुसून राहिलं." लहानपणी मला वाटायचं, घरात माझ्याहून धाकटं एक भावंड आहे आणि त्याचे लाड माझ्यापेक्षा जास्त होतात. त्याचा मला रागही यायचा.

आत्या म्हणजे वडिलांची मोठी बहीण. परकर नेसायच्या वयात तिचं लग्न झालं होतं. सासर हिवरखेडचं, पण हिवरखेड तिनं कधी पाहिलं नाही. पाठवणीआधीच नवरा तापानं गेला. तेव्हापासून ती आमच्याच घरी. डोक्यावरून पदर, मोकळं कपाळ, मोकळे हात. आमच्या घरी भिक्षुकी. वडील गावातल्या बड्या घरांच्या पूजा सांगत आणि मागच्या अंगणातल्या त्या दैवताकडं त्यांचं लक्ष नसे. घरात ज्या कामाला कुणी वाली नाही ते आत्याकडं जायचं. तसं दैवतही गेलं. ती त्याला न्हाऊ घाली, तेलशेंदूर लावी, फुलं वाही. विधवेनं हे करावं की नाही असं कुणी म्हटलं नाही. शेंदराच्या गोळ्याला कोण कशाला नियम लावतो?

मग साठ-एकसष्टच्या सुमारास, ऐन वैशाखात, ते कवच फुटलं. पिढ्यान्‌पिढ्या लावलेला शेंदूर तडकला आणि मोठमोठ्या खपल्या होऊन खाली पडला. आतून काळ्या दगडाची एक मूर्ती निघाली. उभी, सडपातळ, हात कोपरापासून तुटलेले. छाती झिजून सपाट झालेली. चेहरा तर पाण्यातल्या गोट्यासारखा गुळगुळीत. अर्धं जुनं शहर बघायला लोटलं आणि पहिल्याच दिवशी दोन तट पडले, देव म्हणणारे आणि देवी म्हणणारे. आत्या एका बाजूला उभी राहून सगळ्यांना सांगत होती, "मांगं सरका, त्याले हवा लागू द्या."

देऊळ बांधायची टूम निघाली, कमिटी झाली. कमिटीचे प्रमुख आमच्या गल्लीतले एक वकील. उंचेपुरे, पांढरं धोतर, खांद्यावर उपरणं. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना प्रत्येक गोष्टीचा निकाल हवा असे. ते वडिलांना म्हणाले, "हे पहा, देव असेल तर बाईंची सेवा जशी आहे तशी चालू द्या, कोणाची हरकत नाही. पण देवी असेल तर हळदकुंकू आलं, ओटी आली. ते सवाष्णीच्याच हातचं पाहिजे. लोक बोलतील." वडील मान डोलवून घरात आले. आत्या दाराआडून ऐकत होती. त्या दिवशी तिनं दैवतासमोरची जागा दोनदा सारवली.

मी तेव्हा अमरावतीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर होतो. परीक्षानळ्या द्यायच्या, परत घ्यायच्या आणि फुटल्या की पोरांवर ओरडायचं, हा माझा विज्ञानाशी संबंध. रविवारी बडनेऱ्याहून पॅसेंजर धरून अकोल्याला यायचो. आत्याचं ते सारवणं बघून मला भयंकर राग आला. कुणाचा, ते नीट कळत नव्हतं. वकिलांचा म्हणावा तर ते चारचौघांसारखंच बोलले होते. वडिलांचा म्हणावा तर ते वडील होते. तेव्हा मी ठरवलं, की ही मूर्ती देवाचीच निघाली पाहिजे. मूर्ती हजार वर्षांपूर्वी जे असेल ते असेल, माझ्या ठरवण्यानं काय होणार, एवढी अक्कल मला होती. पण ठरवलं.

आमचे विभागाचे सर पुण्याकडचे. वऱ्हाडात येऊन बरीच वर्षं झाली तरी आमची बोली कानावर पडली की त्यांच्या कपाळाला आठ्या पडत. त्यांच्या खोलीत एक काळ्या काचेचा दिवा होता. लावला की उजेड जवळजवळ पडतच नसे, नुसती जांभळी झाक यायची. पण त्याखाली काही वस्तू आपोआप चमकू लागत. आम्ही तो तेलातली भेसळ बघायला वापरायचो. सरांनी कुठंसं वाचलं होतं की परदेशातल्या जुन्या संगमरवरी मूर्ती, ज्यांना सगळं जग पांढऱ्याशुभ्र समजून बसलं होतं, त्या मुळात रंगवलेल्या होत्या. रंग उडून गेला तरी दगडावर त्याची खूण राहते, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, अशा दिव्याखाली दिसते, फोटोतही येते. मी मूर्तीची हकिगत सांगताच सर खुर्चीतून उठले. "चुन्याचा हात देऊन रंगवली असेल तर काहीतरी मिळेल. मिशी, दाढी, पातळाचे काठ, काहीही. कोरलेलं झिजतं हो, पण रंगवलेलं कधीकधी उरतं."

मिशी. माझ्या डोक्यात तो शब्द पक्का बसला.

पुढच्या रविवारी घरी गेल्यावर मी आत्याला दिवा समजावून सांगितला. ती शेंगा सोलत होती. म्हटलं, "आत्या, पुसला गेलेला रंग दिसतो त्यात."

"पुसलेलाबी?"

"पुसलेलाच. असलेला तर दिसतोच की."

"किती दिवसांचा?"

"हजार वर्षांपूर्वीचासुद्धा दिसतो म्हणतात सर."

"मंग चाळीस-पन्नास वर्साचा त दिसनच," ती म्हणाली. मी म्हटलं, दिसायला हवा. हिला मधूनच चाळीस-पन्नास वर्षं कुठून सुचली, ते मला समजलं नाही. आत्या असं काहीबाही विचारायचीच. वीज पाण्यापासून होते तर तारेतून पाणी का गळत नाही, असंही तिनं मला एकदा विचारलं होतं.

सर आले ते भर दुपारी. दिव्याची पेटी, तिपाई आणि कॅमेरा घेऊन, घामानं निथळत. अंधार पाहिजे म्हणून दैवताच्या पत्र्याच्या खोपटाला आम्ही सतरंज्या आणि एक ताडपत्री गुंडाळली. वीज शेजारच्या पिठाच्या गिरणीतून घेतली. गिरणी चालू असली की दिवा फडफडायचा, म्हणून गिरणी बंद ठेवली. त्यामुळं ज्वारीचे डबे घेऊन आलेल्या बाया बाहेर बसून आमचा उद्धार करत होत्या. कमिटीची माणसंही बाहेरच थांबली, कारण आत चौघांपेक्षा जास्त मावत नव्हते. सर, मी, वकील आणि आत्या. आत्याला बाहेर थांबा म्हणायची सोय नव्हती. ती म्हणाली, "त्याले अंधारात भेव लागन." सरांनी माझ्याकडं पाहिलं. कुणाला भीती वाटेल, ते त्यांना कळलं नव्हतं.

दिवा लागला. आधी काहीच दिसेना. मग हळूहळू एकेक गोष्ट अशी काही दिसू लागली की कशाकडं बघावं ते कळेना. सरांची नखं उजळली. माझ्या सदऱ्यावरचा एक डाग, जो आईनं घासघासून काढला होता, तो पुन्हा वर आला. वकीलसाहेब काहीतरी बोलायला गेले आणि मी दचकलोच. त्यांचे मागचे दात पांढरेफेक चमकत होते आणि समोरचे चार काळेठिक्कर, जणू नाहीतच. सर सवयीनं म्हणाले, "बसवलेले दात या उजेडात चमकत नाहीत." सर असं बोलून जात, समोर कोण आहे ते न बघता. वकीलसाहेबांनी उपरणं तोंडाला लावलं.

मग दिवा मूर्तीवर गेला. तिथं पिवळट हिरवे पट्टे उजळले, पायावर, छातीवर, कपाळावर. सर हरखले. वास घेतला, नखानं खरवडलं आणि म्हणाले, "हळद आहे." वकिलांनी उपरण्याआडून माझ्याकडं पाहिलं. हळद म्हणजे देवी. पण सर म्हणाले, ही हळद जुनी नाही, कवच फुटल्यानंतरची, अगदी वर वर बसलेली. आता त्यानंतर मूर्तीला हात लागला होता तो एकट्या आत्याचाच. आम्ही तिघांनीही आत्याकडं पाहिलं नाही. मला वाटलं, संपलं. ज्या हळदीला हिनं हात लावायचा नाही म्हणत होते, ती हिनं आधीच देवाला फासून ठेवली आहे आणि ते शोधून काढायला दिवा मीच घेऊन आलो आहे.

"लागलं असन कवातरी हाताचं," आत्या शांतपणे म्हणाली. "मी सैपाकघरातून येतो नं."

लागलं असेल. नसेलही. तिच्या बोटांची पेरंही तशीच हिरवट चमकत होती आणि आमटीला फोडणी देणाऱ्या बाईची बोटं चमकणारच. मला काय ते ठरवता येईना. आजही येत नाही.

सरांनी चेहरा ओल्या कापसानं टिपून घेतला आणि दिवा अगदी जवळ धरला. तेव्हा डाव्या गालावर आणि ओठावर फिकट निळसर पांढरी झाक दिसली. "चुना! चुन्याचा हात आहे!" सर ओरडले, आणि त्या पांढुरक्या झाकेत, नाकाच्या डाव्या बाजूनं निघून ओठावरून गालाकडं वळलेली एक काळी रेघ होती. जाड, बाकदार, शेवटाला किंचित वर उचललेली. उजव्या बाजूला दगडच झिजून गेला होता, तिथं काही नव्हतं.

"मिशी," सर म्हणाले.

"नथ," वकीलसाहेब उपरण्यातून म्हणाले.

मी मान वाकडी करून पाहिलं. मिशी म्हणून पाहिलं की मिशी दिसे, चांगली पीळदार, मराठमोळ्या सरदाराची. नथ म्हणून पाहिलं की नथ दिसे, नाकपुडीतून निघून ओठावर टेकलेली. डाव्या बाजूची अर्धी मिशी आणि डाव्या नाकपुडीतली नथ यांत फरक काय असतो, याचा मी जन्मात विचार केला नव्हता. सर म्हणाले, इतक्या जुन्या मूर्तीला नथ नसते. वकील म्हणाले, मूर्ती जुनी असेल, रंग कुणी मागाहून दिला असेल. सर म्हणाले, मग मिशीही कुणी मागाहून काढली असेल. वकील म्हणाले, म्हणजे मिशी मूळची नाही हे तुम्हीच कबूल करता. इथं सर कॅमेरा लावू लागले. तो फोटो पुढं धुऊन आला, पोस्टकार्डाएवढा. कॉलेजातल्या ज्याला दाखवला त्यानं वेगळंच काही सांगितलं. एकानं तर तो उलटा धरून विळा आहे म्हणून सांगितलं.

फोटो काढून झाला, सर दिवा बंद करणार, तेवढ्यात आत्या म्हणाली, "साहेब, तुमचं झालं असन त एक इचारू काय?"

"विचारा की."

"हा दिवा मानसावर चालते काय?"

सरांना वाटलं, तिला त्या उजेडाची भीती वाटते आहे. ते म्हणाले, "काही अपाय होत नाही, घाबरू नका."

"भ्याची नाई गोठ. माह्या कपायावर टाका जरा."

सरांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "आत्या, काहून?"

"तूच त म्हने, पुसलेला रंग दिसते म्हून." ती माझ्याकडं न बघता, दिव्याकडं बघून बोलत होती. "हजार वर्साचा दिसते, मंग माहा काहून नाई दिसनार? मले पुसलेलं आठवते. ओल्या फडक्यानं घासलं होतं, कातडं सोललं होतं. लावलेलं नाई आठवत. होतं का नोतं, तेच मले समजून नाई राहिलं इतके वर्स."

असं म्हणून तिनं पदर मागं सारला. मी तिला आजवर तशी, डोक्यावरून पदर नसलेली, कधी पाहिली नव्हती. सर पुण्याचे असले आणि आमची भाषा त्यांना अर्धीमुर्धीच कळत असली, तरी एवढं त्यांना कळलं. त्यांनी दिवा वळवला.

जांभळ्या उजेडात तिचं कपाळ दिसलं. सुरकुतलेलं, गडद. मी बाजूला तार सांभाळत उभा होतो, मला नीट दिसत नव्हतं, असं मी स्वतःला सांगत आलो आहे. पण दिसण्यासारखं तिथं काय असणार होतं? कातडी ती. दगड नव्हे. ती कितीदा तरी बदलून गेली असणार. केसांच्या कडेला काहीतरी पुसट चमकल्यासारखं वाटलं, ते हळदीच्या बोटांनी घाम पुसला त्याचं असेल, नाहीतर माझ्याच डोळ्यांत पाणी आलं होतं त्याचं असेल. माझं मलाच काही समजेना. मी तिच्यावर चिडलोही होतो, की हे आत्ता, यांच्यासमोर कशाला काढलं.

"दिसलं काय?" आत्यानं विचारलं.

सरांनी घसा साफ केला. ते खरं बोलणारे गृहस्थ. "बाई, त्याचं असं आहे..."

"दिसलं," वकीलसाहेब म्हणाले.

त्यांनी तोंडावरचं उपरणं काढलं होतं. समोरचे दात तसेच काळे दिसत होते.

"दिसलं, बाई. मधोमध आहे. चांगलं गोल, ठसठशीत."

"खरं सांगता?"

"मी आत्ता काही कोर्टात नाही उभा."

"लाल हाय?"

"रंग नाही समजत या उजेडात," वकीलसाहेब म्हणाले. "पण आहे."

आत्यानं पदर डोक्यावर घेतला. सर दिव्याचं बटण शोधत होते आणि त्यांना ते सापडत नव्हतं. शेवटी मीच तार ओढली.

आम्ही बाहेर आलो तर उन्हानं डोळे दिपले. कमिटीची माणसं पुढं सरसावली, त्यांच्या मागं डबेवाल्या बायाही. "काय निघालं साहेब, देव का देवी?"

वकीलसाहेब म्हणाले, "देवी आहे. नथ दिसली."

सर काही बोलणार होते, मी त्यांचा हात दाबला. खरं म्हणजे हात दाबायचं मला कारण नव्हतं. देवी म्हणजे आत्याची सेवा गेली, असाच हिशेब होता, आणि तरी मी सरांना गप्प केलं.

"मंग सेवेले सवाष्ण पाहा लागन," कुणीतरी म्हणालं.

"सेवा बाईंकडंच राहील. हळदकुंकू, ओटी, सगळंच."

"पन साहेब, त्याइचं त..."

"तपासून घेतलं आहे," वकीलसाहेब म्हणाले. "यंत्रानं तपासलं आहे. कॉलेजचे साहेब समोर होते. कोणाला शंका असेल त्यानं मला येऊन भेटावं."

यंत्रानं काय तपासलं, ते कुणाला कळलं नाही. कुणी विचारलंही नाही. वकिलांनी चपला घातल्या आणि ते गेले. गिरणी पुन्हा सुरू झाली. त्या माणसाला तिथं खरोखर काही दिसलं होतं, की ते नुसतेच बोलून गेले, हे मी त्यांना पुढं कधी विचारलं नाही. गल्लीत समोरासमोर आलो की ते तोंड मिटून मान हलवत आणि मीही हलवत असे.

संध्याकाळी सर ओसरीवर चहा पीत होते आणि मिशीच होती, मिशीच होती, असं स्वतःशी पुटपुटत होते. मी मागच्या दारी गेलो. आत्या पायरीवर बसली होती, हात मांडीवर ठेवून. ती रिकामी बसलेली मी क्वचितच पाहिली असेल.

"तुलेबी दिसलं नं?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "मी दिव्याच्या मागं होतो."

"हो, तुले कसं दिसन मंग," ती म्हणाली. "एक काम करजो. तुह्या आईले सांगजो. मी कसं सांगू, मले लाज वाटते. सांगजो तिले, होतं म्हना."

आई चुलीपाशी पोळ्या करत होती. मी तिला सांगितलं. आत काय झालं, कोण काय बोललं, ते सगळं सांगायचं होतं, पण तोंडातून तेवढंच निघालं. "आत्या सांगते, होतं म्हणे तिला."

आईनं तवा खाली उतरवला, हात धुतले, देवघरातला कुंकवाचा करंडा घेतला आणि ती मागच्या दारी गेली.